गच्ची कोणी थापली

प्रिय बतूल,

अक्षर ओळखलंस का? नसशील ओळखलं. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिलेली नाही, आणि त्याआधी तू घरातच होतीस, तेव्हा लिहायची वेळ येणार कुठून. फोनवर तुझी आई बोलते, मी शेजारी बसून पेपर वाचल्याचं सोंग करतो. तू "बाबा कसे आहेत" विचारलंस की ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "बरे आहेत, नेहमीसारखेच." तर हा नेहमीसारखाच माणूस आज लिहायला बसलाय. फोनवर मला हे जमायचं नाही. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढेल, तिसऱ्याला तुझा, शेवटी बापाचीच लेक तू, आणि मग तुझी आई फोन हिसकावून घेईल. कागद आपला बरा, निदान पूर्ण बोलू तरी देतो.

घराचं तुला आईने सांगितलंय हे मला ठाऊक आहे. पण तिने सांगितलं ते अर्धंच, कारण अर्धं तिलाही माहीत नव्हतं. जानेवारीत सलग नऊ दिवस पाऊस झाला आणि दहाव्या दिवशी पहाटे मधल्या खोलीचं छप्पर खाली आलं. ती नमाजासाठी उठून अंगणात तोंड धूत होती म्हणून वाचली. तिची उशी चिखलाखाली गेली होती गं. मी पलीकडच्या खोलीतून धावत आलो तर ही बाई ओल्या हातांनी उभी, आणि मला म्हणते काय, "तरी सांगत होते, इतकं मोठ्याने घोरू नका." तिसऱ्या दिवशी नगरपालिकेचा माणूस आला आणि दारावर लाल कागद डकवून गेला. धोकादायक इमारत. तीन महिन्यांत दुरुस्ती करा, काम करणाऱ्या जबाबदार माल्लेमच्या, म्हणजे उस्ताद गवंड्याच्या, सहीचा दाखला आणा, नाहीतर घर रिकामं करा, आम्ही पाडू. माल्लेम जिलालीच्या दारावर हा कागद! या सला गावात ज्याने एकशे चाळीस गच्च्या थापल्या, आणि त्यातली एकही गळत नाही, त्याच्या दारावर! नदीपलीकडे रबातची बडी मंडळी ज्याला गाडी पाठवून न्यायची, त्याच्या! गल्लीतली पोरं थांबून थांबून वाचायची आणि मी आतून त्यांना शिव्या घालायचो.

मग मी काय केलं? चोराच्या उलट्या बोंबा. शेजारच्या हाज्जा तामूच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, की तुझ्या मोरीचा पाइप फुटलाय, तुझं घाण पाणी माझ्या भिंतीत मुरलंय, माझं छप्पर तू पाडलंस. ऐंशी वर्षांची म्हातारी ती. तू तिच्याच ओट्यावर चालायला शिकलीस. ती बिचारी म्हणाली, "अरे जिलाली, माझ्या घरात मी एकटी. दिवसाला दोन बादल्या पाणी नाही लागत मला, तेवढ्याने तुझं छप्पर कसं पडेल?" पण मी ऐकतोय कसला. पडलो तरी नाक वर.

तुझी आई म्हणाली, "आता माणसं बोलवा, कामातली जाणती माणसं." मी म्हटलं, "जाणता मीच आहे. मला कोण शिकवणार?" ती म्हणाली, "अहो, तुमच्या गुडघ्यांना जिना चढवत नाही. जाणते तुम्ही असाल, पण चढणार कोण?" खरंच होतं ते. शेवटी एक कंपनी आणली. निळे गणवेश, छातीवर नाव शिवलेलं, गरम हवा फेकणारी यंत्रं, भिंतीला टोचायची सुई. त्या सुईच्या डबीवर आकडे यायचे आणि त्यांचा साहेब आकडे वाचून मान हलवायचा. भिंतीला हात मात्र एकानेही लावला नाही. दोन तासांनी साहेब म्हणाला, हे जुनं सगळं उपटून टाकू, वर सिमेंटची जाड लादी ओततो, त्यावर प्लास्टिकचा लेप, पन्नास वर्षं बघायला नको. सिमेंट हा शब्द ऐकला मात्र, माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्याला यंत्रासकट गल्लीबाहेर काढला. तुझ्या आईला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या कामाचा अभिमान. वाटू दिलं मी तिला तसं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते सात वर्षं माझ्या पोटात होतं.

पंधरा दिवसांनी दुसरी तुकडी आली. कुणी बोलावली, विचारलं तर तुझी आई म्हणाली, "तेतुआनहून आलेत, जुन्या घरांचं काम करतात, कुणीतरी सुचवलं." आठ जण होते, त्यात तीन मुली. पुढारी एक इब्तिसाम म्हणून, तिशीतली, बारीक चणीची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बुटांवर चुन्याची पुटं. मी दारातच आडवा आलो. म्हटलं, "पोरी, चुना खायला घेतलास तर तोंड भाजेल, भिंतीला लावायचं काम आहे हे." ती हसली आणि म्हणाली, "काका, आम्हाला सांगितलंय की इथे एक जुने माल्लेम आहेत, ते चार दिवस डोकं फिरवतील आणि पाचव्या दिवशी चहा पाजतील. आज पहिला दिवस ना?" आता सांग, अशा पोरीला काय बोलायचं?

ती आत गेली. यंत्र नाही, सुई नाही. बोटाच्या पेराने भिंत वाजवत वाजवत कोपऱ्यापर्यंत गेली, गिलाव्याचा एक पापुद्रा नखाने काढला आणि जिभेवर ठेवला. असं भिंत चाखणारा या गावात एकच माणूस होता, आणि तो दाराशी काठी टेकून उभा होता. मोरीचं पाणी मुरलं असलं तर चव खारट आणि कुबट लागते, पावसाचं असलं तर नुसती मातकट, आणि वर सिमेंट असलं तर जीभ कोरडी पडते, चिमटा घेतल्यासारखी. हे मी कुणाला शिकवलेलं नाही. माझ्या हाताखालची माणसं मला हसायची, माल्लेमला नाश्ता मिळाला नाही म्हणायची. इब्तिसाम थुंकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मोरी नाही. पाऊस आहे हा, आणि आजचा नाही, सात-आठ वर्षं साठलाय. वर कुणीतरी सिमेंट ओतलंय, काका. भेगांतून पाणी आत गेलं, बाहेर यायला वाट नाही, तुळयांची टोकं कुजली. कुणी केला हा गाढवपणा?" आणि हे नेमकं ती बोलली कधी, तर हाज्जा तामू आपल्या पाइपाची बाजू मांडायला आत येत होती तेव्हा.

कुणी केला ते तुला सांगतो. मीच केला. तुझ्या आईला मी सांगितलं होतं की गच्ची नवी थापून घेतली, ती तिच्या बहिणीकडे मेकनेसला गेली होती तेव्हा. खोटं होतं ते. तुला आठवतं त्या वर्षीचं? गच्ची जुनी झाली होती, नव्याने थापायला हवी होती. थापायची म्हणजे आठ-दहा माणसं ओळीत, चार दिवस, सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत, गुडघ्यांवर बसून ओला चुना ठोकत. माझे गुडघे गेले होते. गवंड्यांच्या जमातीतली माणसं बोलावली असती तर धावत आली असती, पण त्यांनी बघितलं असतं की माल्लेम जिलालीला ओळीत बसता येत नाही, त्याने खुर्चीवर बसून बोट दाखवायचं. ते मला मेलो तरी चाललं नसतं. आणि तू म्हणाली होतीस, "बाबा, मी थापते. माझ्या मैत्रिणी येतील, तुम्ही फक्त सांगत राहा." मी काय उत्तर दिलं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. म्हटलं, "बायकांनी कणीक थापावी. गच्चीवर तुम्ही थापायला बसलात तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही." तू वर्षभरात तेतुआनला निघून गेलीस. आणि मी एका दुपारी दोन परके मजूर आणून गपचूप सिमेंट ओतून घेतलं आणि वरून चुना फासला. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की चुना श्वास घेतो, सिमेंट गळा दाबतं, आणि स्वतःच्या घराचा गळा स्वतः दाबला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुझ्या आईच्या उशीवर जे कोसळलं ते पावसाने नाही पाडलं.

त्या दिवशी सगळ्यांसमोर कबूल केलं. दुसरा मार्गच नव्हता, पोरीने जिभेने पकडलं होतं मला. तुझी आई आत जाऊन मोठमोठ्याने भांडी घासत बसली. हाज्जा तामूकडे मी साखरेची अख्खी ढेप घेऊन गेलो, निळ्या कागदातली, मयताला आणि समेटाला नेतात तशी. ती म्हणाली, "एकच? माझा पाइप तीन आठवडे बदनाम होता." दुसऱ्या दिवशी आणखी एक नेली. आता ती गल्लीत सांगत फिरते की जिलालीच्या साखरेचा चहा जरा कडूच लागतो.

काम सुरू झालं. बघत राहावं असं काम, पोरी! मी रोज अंगणात खुर्ची टाकून खोड काढायची वाट बघत बसायचो, आणि खोड सापडेना. आधी तुळयांना टेकू दिले, मग सिमेंट फोडलं, पण घणाने दाणदाण नाही, छिन्नीने, एकेक कपचा सोडवत, खालची माती दुखावू न देता. भिजलेली माती उपसून अंगणात पसरली आणि सावलीत वाळू दिली. तीन आठवडे! त्यातला एक दाढीवाला म्हणाला, उन्हात टाकली तर चार दिवसांत सुकेल. इब्तिसामने त्याला असं काही झापलं की मलाच मधे पडावं लागलं. कुजलेली टोकं कापून जुन्या देवदाराचे तुकडे सांधले, खिळा एक नाही. चुना त्यांनी स्वतःचा आणला होता, सहा महिने पाण्यात मुरवलेला. मी बोट बुडवून बघितलं. लोण्यासारखा होता. पाचव्या दिवशी चहा पाजायचा नाही असं मी मुद्दाम ठरवलं होतं. पाचव्याच दिवशी पाजला.

मग थापणीचा दिवस आला. तो तुला नीट सांगायचाय. गुडघे गेले खड्ड्यात म्हटलं आणि एकेक पायरी बसून चढत वर गेलो. आठही जण ओळीत बसले, हातात लाकडी थाप्या. इब्तिसामने बिस्मिल्ला म्हटलं, पहिली थाप पडली, आणि ताल धरायला त्यांनी गाणं सुरू केलं. थापताना गातातच, प्रत्येक माल्लेमचं आपलं गाणं असतं, त्याशिवाय आठ हात एकदम पडत नाहीत. ती पोरं गायला लागली, "थाप रे गड्या, थाप रे, कल्थूमच्या मसुरीला मीठ नाही!" सगळे एका सुरात. "मीठ नाही, मीठ नाही, कल्थूमच्या मसुरीला मीठ नाही!" मी भिंतीला धरून उभा राहिलो. ते गाणं माझं आहे, बतूल. लग्न झालं त्या वर्षी तुझी आई गच्चीवर पाठवलेल्या मसुरीत मीठ घालायला विसरली म्हणून मी रागाने रचलेलं. माझ्या टोळीशिवाय ते कुणी गायलं नाही, आणि माझ्या टोळीतला आता एकही माणूस उरलेला नाही. आणि तेवढ्यात जिन्यातून चहाचं तबक घेऊन वर आली कोण? कल्थूम! स्वतः! ती तशीच थबकली. तेतुआनची पोरं तिच्या तोंडावर तिच्या मसुरीची अब्रू काढताहेत, मान हलवत, थाप्या आपटत, आणि त्यांना पत्ताच नाही की कल्थूम नावाची बाई खरोखर आहे.

मी विचारलं, "हे गाणं कुणाचं?" दाढीवाला म्हणाला, "सल्याचं फार जुनं गाणं आहे, काका. तुम्हाला माहीत नाही? आमच्या माल्लेमाने शिकवलं." माल्लेमा. मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. आपल्याकडे माल्लेमा म्हणजे घरी मुली जमवून भरतकाम शिकवणारी बाई, तुला नाही का आम्ही पाठवायचो, आणि तू तिच्या सुया हरवून पळून यायचीस. मी म्हटलं, "भरतकामवाली तुम्हाला गच्ची थापायला शिकवते?" तर सगळे हसले. इब्तिसाम म्हणाली, "आमच्या माल्लेमाने जन्मात टाका घातला नसेल. पण उत्तरेत जुनी गच्ची कुणाची हलली तर तिलाच बोलावतात. भिंत चाखायला तिनेच शिकवलं. आम्ही विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तर म्हणते, माझ्या बाबांनी."

माझ्या बाबांनी. मी तुला एक अक्षर शिकवलेलं नाही. तू चहाचं तबक घेऊन वर यायचीस आणि मी "ठेव आणि जा खाली" म्हणायचो. तू जायचीस हळूहळू, पायरी पायरीवर थांबत. मला वाटायचं पोर आळशी आहे. तू बघत होतीस, ऐकत होतीस, सगळं उचलत होतीस, आणि मी हाकललेलं असूनही परक्या गावात माझ्या नावावर जमा करत होतीस. मी तुझ्या आईकडे बघितलं. तिने तबक खाली ठेवलं, ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मीच फोन केला होता तिला. ती म्हणाली, मी आले तर बाबा दार उघडणार नाहीत, माझी माणसं पाठवते, कुणाचं घर आहे ते त्यांना सांगू नकोस. आता घाला शिव्या मला." मी कसल्या शिव्या घालतोय. तिथेच बसकण मारली, एक थापी मागून घेतली, आणि गुडघ्यांवर नाही तर पाय पसरून, सगळ्यांत शेवटी, गाणं म्हणत थापायला लागलो. हात चालतात अजून. इब्तिसाम दोनदा म्हणाली, "काका, ताल चुकतोय." चुकत होता. मला नीट दिसत नव्हतं.

चार दिवस थापली, मग गोट्याने घोटली, वर पाणी अडवायला काळ्या साबणाचा हात दिला. मार्चच्या शेवटी तीन दिवस असा पाऊस झाला की समुद्र गावात येतो की काय वाटलं. मी मधल्या खोलीत वर तोंड करून पडून होतो. एक थेंब नाही. डाग सोड, साधी ओलही नाही. हाज्जा तामू छत्री घेऊन बघायला आली आणि छत्री मिटून गेली. मी आजवर एकशे चाळीस गच्च्या थापल्या म्हणून छाती काढून फिरलो, पण खरं सांगतो, त्यातली एकही या गच्चीच्या पासंगाला पुरणार नाही. गावात ज्याला त्याला हात धरून वर नेतो आणि दाखवतो, माझ्या लेकीचं काम बघा म्हणून. बायकांनी कणीक थापावी म्हणणारा तो कोण माणूस होता, मला आता त्याची लाज वाटते. चुकलो मी, बतूल. गच्चीचंही चुकलं आणि तुझं त्याहून जास्त.

आता हे पत्र का लिहितोय ते ऐक. परवा नगरपालिकेचा इंजिनिअर आला, गच्ची बघून खूश झाला, आणि आपल्या जमातीचा प्रमुख, अमीन सी अल्लाल, दाखल्याचा कागद घेऊन आला. जबाबदार माल्लेमचं नाव आणि सही, एवढंच बाकी. अल्लालने पेन माझ्याच हातात दिलं. म्हणाला, "घर तुमचं, माल्लेम तुम्ही, करा सही, साहेब आत्ता लाल कागद काढून नेतील." मी पेन परत दिलं. म्हटलं, ही गच्ची मी थापलेली नाही, मी शेवटी बसून ताल चुकवत होतो. लिही, माल्लेमा बतूल, जिलालीची मुलगी. तो म्हणाला, "आपल्या जमातीच्या वहीत आजवर बाईचं नाव नाही." मी म्हटलं, मग चाळीस वर्षं मी ज्या वहीत आहे त्यातून माझं नाव काढ आणि त्या जागी हे घाल. दोन तास भांडलो. शेवटी लिहिलंय त्याने, पक्क्या शाईने, मी चष्मा लावून तीनदा वाचलं. पण सही समोर येऊन करावी लागते. मुदत संपायला अकरा दिवस उरलेत, दारावर तो कागद अजून तसाच आहे, आणि तुझी आई म्हणते की या माणसाला वेड लागलंय, लेक नाही आली तर राहतं घर जाईल. जाऊ दे. दुसऱ्या कुणाची सही या गच्चीवर मी होऊ देणार नाही, माझीही नाही. ये, आणि सही कर. दार मी स्वतः उघडीन.

तुझाच,
माल्लेमा बतूलचा बाप